एका निरोपाची तीन माणसं

जतला कोणी हवापालटाला जात नाही. मी रजेचा अर्ज दिला तेव्हा आमच्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "जतला? पाहुणे आहेत का तिकडं?"

म्हटलं, "अजून नाहीत. शोधायचेत."

ते बघतच राहिले, पण रजा दिली.

खरं म्हणजे हा प्रवास माझा नव्हता, बापूंचा होता. बापू म्हणजे आमच्या गावचे फौजेतून रिटायर झालेले हवालदार. गाव कोरेगावपासून कोसभर. आमची बौद्ध वस्ती ओढ्याच्या अलीकडं, बापूंचं घर आणि ऊस पलीकडं. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. त्या दिवशी ओढा ओलांडून पेढे घेऊन आले ते एकटे बापू. आमच्या चुलीपुढं मांडी घालून बसले आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "पलटणीत एका मगात चौघं प्यायचो. हितं तर आख्खा कप हाय गड्या." तेव्हापासून हा माणूस मला आवडतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं त्यांचं कौतुक वाचून कुणाला नवल वाटायला नको.

बापू सिग्नलमध्ये होते. लढणाऱ्यांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवणारं ते खातं. बांगला देशाच्या लढाईत आपली फौज आणि तिकडची मुक्तीसाठी लढणारी पोरं एका हुकमाखाली आली. पण हुकूम एक झाला म्हणून बोलणं एक होत नाही. आपल्याकडं वायरलेस सेट, रोज बदलणारे सांकेतिक शब्द, नकाशावरचे आकडे. त्यांच्याकडं होड्या, सायकली आणि पायी पळणारी माणसं. एखाद्या तुकडीबरोबर आपला एखादा सिग्नलवाला, पाठीला लहान सेट बांधून. ह्या दोन जाळ्यांच्या मधोमध बापूंचं एक्स्चेंज होतं.

त्या एक्स्चेंजवरून बापूंनी एक निरोप पाठवला होता. तो पोचला की नाही, हे त्यांना लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. पोचला नसेल, तर एक आख्खी तुकडी आपल्याच तोफांखाली गेली असणार. उजाडायच्या आत बापूंचं एक्स्चेंज दुसऱ्या आघाडीला हललं आणि त्या तुकडीचा सेट त्यांना पुन्हा लागला नाही. त्या तुकडीबरोबर सेट घेऊन असलेल्या आपल्या जवानाला बापूंनी कधी पाहिलेलं नव्हतं. नाव विचारायची मुभा नव्हती. तो जतकडचा आहे, एवढंच बोलता बोलता कळलेलं. म्हणून बापू त्याला 'जत' म्हणायचे आणि तो बापूंना 'सातारा'.

"मग रिटायर झाल्यावर लगेच का नाही गेलात?" मी विचारलं. मला सरळ विचारायची सवय आहे.

बापू म्हणाले, "गेलो न्हाई तवर त्यो जित्ता हाय. गेलो आन न्हाई निघाला तर? मग?"

बापूंच्या मालकिणीनं मात्र भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "घिऊन जा बाबा ह्यांना एकदाचं. काय असंल ते कळू दे."

पॅसेंजरमध्ये

कोरेगाव स्टेशनात चढलो. डब्यात गर्दी नव्हती. कऱ्हाडच्या आसपास गुऱ्हाळं पेटलेली, खिडकीतून गरम काकवीचा वास आत यायचा आणि इंजिनाच्या कोळशाचे कणही. मी नववीला विज्ञान शिकवतो, विद्युतचुंबकीय लहरी तोंडपाठ आहेत. बापूंना म्हटलं, "लहर जाते कशी ते मला ठाऊक आहे. तुम्ही त्या लहरीवर काय घालत होता ते सांगा."

बापू खुलले. "आरं, हिकडनं आलेलं तिकडं तसंच ढकललं, त्याला काय निरोप म्हणत्यात? तोफखान्याला नकाशातला आकडा लागतो. मुक्तीच्या पोरांना आकडा दिऊन उपेग काय? त्यांच्याकडं नकाशाच न्हाई. त्यांना सांगायचं, जळक्या बाजाराच्या मागचं तळं. आन तळ्याची बातमी त्यांच्याकडनं आली, की म्या त्याचा आकडा करून तोफखान्याला द्यायचा."

"आणि गुपित असलं तर?"

"हां! आता बोललास. सगळ्यांना सगळं सांगायचं न्हाई. पोरं धरली गेली तर बोलत्यात, कुणीबी बोलंल. म्हणून मी आधी इचारायचो, ह्या माणसाला उद्या सकाळी करायचंय काय? त्याला लागंल तेवढं त्याला द्यायचं. रोज निराळं. काल ज्याला रस्ता सांगितला त्याला आज निस्तं 'थांब' सांगायचं."

मी वही-पुस्तकातला माणूस, पण मला हे लगेच पटलं. वर्गात मीही हेच करतो. पुढच्या बाकावरच्याला सूत्र, मागच्या बाकावरच्याला उदाहरण. तसं बोललोही. बापू खूष होऊन म्हणाले, "मग तुला पलटणीत घेतला असता."

बापूंना एक खोड मात्र होती, तीही त्यांनीच सांगितली. सेट चालू झाला की पहिला प्रश्न, "जेवलास का?" आपल्याकडं भेटलेल्या माणसाला पहिलं हेच विचारतात, त्यात काही नाही. पण वायरलेसवर फालतू बोलायची सक्त मनाई. साहेब खवळायचे, "हवालदार, ये वायरलेस है, लंगर नहीं!" बापू 'येस सर' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, "जत, जेवलास का? कुटं जेवलास?"

सांगली

सांगलीत उतरलो की आधी नाकाला कळतं. हळद. रस्त्यावरचा हमाल, टांग्याचं घोडं, हाटेलातली बाकडी, सगळ्यांवर पिवळी भुकटी. आमच्याकडं हळद लग्नात पाहायची, इथं पोत्यांच्या थप्प्या. माझा कॉलेजातला दोस्त इथं एका पेढीवर असतो. त्याला मी आधीच कार्ड टाकलं होतं: सिग्नलमध्ये मोटरसायकलवरून टपाल नेणारा दस्तगीर नावाचा माणूस सांगलीत कुठं आहे का बघ. निरोप बापूंनी दिला तो ह्या दस्तगीरच्या तोंडी. दोस्तानं आम्हाला भडंग खायला घातलं, मूठभर माझ्या खिशात कोंबलं आणि मार्केट यार्डाच्या अलीकडच्या एका गॅरेजापुढं नेऊन उभं केलं.

एक दांडगा माणूस फटफटीच्या पोटात हात घालून बसला होता. बापूंना पाहून उठला. हात तेलानं काळे, म्हणून कोपरांनीच मिठी मारली.

"हवालदार! आवं, केस कुठं ठिवून आलासा?"

"तुझ्या पोटात गेलं आसतील. केवढं हे!"

हसणं संपायला वेळ लागला. मग चहा आला, बशीतून प्यायलो, आणि बापूंनी विषय काढला. दस्तगीरचा चेहरा उतरला.

त्यानं सांगितलं ते असं. संध्याकाळी हुकूम बदलला. नदीच्या घाटावर पहाटे तोफा पडायच्या होत्या, आणि जतची तुकडी त्याच घाटाकडं निघणार होती. सेट बंद ठेवायचा हुकूम, म्हणजे हवेतून बोलणं नाही. कागद द्यायचा नाही. साहेबांनी बापूंना बजावलं, त्यांना थांबव, पण जागा सांगायची नाही आणि वेळ सांगायची नाही. बापूंनी क्षणभर विचार केला आणि दस्तगीरला तोंडी निरोप दिला: 'आज दुपारी जिथं जेवलात तिथंच ऱ्हावा. मी सेटवर येईपर्यंत हलू नका.' बास. जागा नाही, वेळ नाही, शत्रूनं ऐकलं तरी त्याच्या उपयोगाचं काही नाही.

मी मध्येच म्हणालो, "वा!" कोणी लक्ष दिलं नाही.

"पुलापर्यंत गेलो," दस्तगीर म्हणाला. "पूल तुटलेला. गाडी कशी न्यायची? खाली एक होडीवाला हुता, मुक्तीच्याच माणसातला, वळखीचा. त्याला हिंदीत सांगितलं. आता आपला नेम तुमाला ठावा हाय, निरोप घेणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचा."

"मग? दाखवला का न्हाई?"

"दाखवला की. सगळा बंगालीत."

"आन तू काय म्हणालास?"

दस्तगीर तेलाच्या बोळ्यानं हात पुसत राहिला. "मला काय बंगाली कळतंय व्हय? म्या म्हटलं, बरोबर."

बापू उठून उभे राहिले. "दस्त्या! आन मला येऊन सांगितलंस, निरोप पुढं बरोबर दिला!"

"हातात दिला ते तर खरं हाय का न्हाई?"

"ते खरं. पण काय दिलंस?"

गॅरेजात आलेला एक गिऱ्हाईक ह्या दोघांचं भांडण लागलं समजून बाहेरच थांबला. मला वाटलं आता बापू परतच फिरतात. पण दस्तगीरनं त्यांचा दंड धरला. "हवालदार, शिव्या मागनं द्या. मी त्या गड्याला बगितलेला हाय, पूल शाबूत हुता तवा बॅटऱ्या दिऊन आलो हुतो. बारीक, काळा, सारखा मेंढरांच्या गोष्टी सांगणारा. गाव जतच्या पुढं, बॉर्डरला चिकटून. कानडी बोलनारं घर. जावा आन बगा. मला बी कळू द्या."

बापूंनी चहा अर्धाच ठेवला. पण निघताना म्हणाले, "येतो रं." एवढ्यावरून कळलं की शिव्या माफ झाल्या.

मिरजेहून पुढं

मिरज सोडली की देश पालटतो. कृष्णाकाठचा ऊस मागं राहतो, हिरवं विरत जातं, कवठेमहांकाळच्या पुढं तर माळ, बाभळी आणि दगड. शाळूची शेतं तेवढी उभी, कणसं भरत आलेली, सगळी पावसाच्या ओलीवर. आमच्याकडं पाटाचं पाणी बांधावरून सांडतं तेव्हा कोणी वाकूनसुद्धा बघत नाही. इथं एका फाट्यावर पाण्याचा टँकर उभा होता आणि बाया घागरी घेऊन अशा शांत उभ्या होत्या, की आमच्या यष्टीतली गडबडसुद्धा थांबली. भांडण नाही, ढकलाढकली नाही. एक म्हातारी सगळ्यांना हातानं जागा दाखवत होती आणि सगळ्या तिचं ऐकत होत्या. आमच्या गावात पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघतात, ते आठवलं आणि लाज वाटली.

बापू काही बघत नव्हते. मध्येच विचारलं, "सुदाम, बंगालीत जेवनाला काय म्हणत असतील रं?"

मी बी.एस्सी. आहे, पण हे मला येत नव्हतं. तसं सांगून टाकलं.

जतच्या स्टँडवर आमचा पहिला फजितवाडा झाला. माझी पिशवी टपावरच राहिली आणि यष्टी विजापूरकडं निघून गेली. त्यात माझं धुतलेलं धोतर-सदरा आणि बापूंच्या मालकिणीच्या भाकरी. म्हणजे आम्ही पाहुणे म्हणून जाणार ते उपाशी आणि धुळीच्या कपड्यात. खिशातलं भडंग दोघांनी वाटून खाल्लं.

चहाच्या टपरीवर चौकशी केली. मी नीट शब्दांत विचारलं: बांगला देशाच्या लढाईत सिग्नलमध्ये होते असे कोणी गृहस्थ. टपरीवाला गोंधळला. बापूंनी मला बाजूला सारलं. "आवं, मिलिट्रीतला मेंढरंवाला. कानाला डबा लावून बोलत असल, आसा."

"वायरलेस मामा व्हय? मग आसं बोला की!"

बापूंनी टपरीचा खांब धरला. "हाय?"

"हाय म्हंजे? सकाळी हितंच हुता. मिरच्या घिऊन गेला."

मी बापूंना बाकड्यावर बसवलं, आणि टपरीवाल्यानं न मागता चहा पुढं केला.

वस्तीवर

एका बैलगाडीनं आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं, पुढं चाललो. माळावर दगडी कुंपणाचा वाडगा, आत मेंढरं, शेजारी छपराचं घर. मेंढरांचा उग्र वास आणि चुलीचा धूर एकत्र. एक बाई बाहेर आली. ना ओळख ना पाळख, तिनं पहिलं विचारलं, "ऊटा आतेन री?"

मी बापूंकडं बघितलं, बापू माझ्याकडं. तेवढ्यात वाडग्यातून एक बारीक, काळा माणूस कोकरू काखेत मारून बाहेर येत म्हणाला, "जेवान झालं का, इचारतीया."

बापू आवाज ओळखतील असं मला वाटलं होतं. कथेत असंच होतं. पण बापू नुसते उभे. मग म्हणाले, "न्हाई झालं. जत, तू जेवलास का?"

त्या माणसानं कोकरू खाली ठेवलं. पुढं आला, बापूंच्या तोंडाकडं खालून वर बघितलं. "सातारा?" मग हसायलाच लागला. "आवं, तुमी म्हातारं! आवाज तर लय तरणा यायचा की!"

"मशिनीतनं तरणाच येतो," बापू म्हणाले, आणि दोघं तिथंच मातीत बसले.

बाईनं आम्हाला हुलग्याचं माडगं दिलं, गरम, तिखट, वर लसणाची फोडणी. मग भाकरी आणि शेंगांची चटणी. आमच्याकडं हुलगे बैलाला घालतात. मी दोन वाट्या प्यायलो आणि तिसरी मागितली. बापूंनी घासाला हात लावला नव्हता. मामांच्या ते ध्यानात आलं.

"निरोप आला हुता," ते म्हणाले.

बापू पुढं सरकले.

"रात पडली हुती. होडीवाला आला. आमचा म्होरक्या हुता तिकडचा, त्याला बंगालीत बोलला. 'दुपुरे जेखाने भात खेयेछो, शेखानेइ थाको.' दुपारी जितं भात खाल्ला तितंच ऱ्हावा. मला ते अजून पाठ हाय. म्होरक्या ऐकंना. म्हणाला, हा कसला हुकूम? जागेचं नाव न्हाई, येळ न्हाई, कुणाची खूण न्हाई. दुश्मनाचा डाव हाय, आपण घाटावर जायचंच. पोरं बंदुका घिऊन उठली बी."

"मग?"

"मी आडवा झालो. म्हटलं, माणसाला जागा सांगायची ती जेवनावरनं, असा येडा आख्ख्या फौजेत एकच हाय, आन त्यो माझा सातारा हाय. रोज दुपारी इचारतो, कुटं जेवलास. आमी कुटं जेवलो हे त्येला ठावं. दुश्मनाला ठावं न्हाई. म्होरक्या माझ्याकडं बगत ऱ्हायला. मग खाली बसला. ते बगून सगळी बसली. पहाटे घाटाकडं तोफा सुरू झाल्या तवा त्यो म्होरक्या, एवढा दाढीवाला बाप्या, माझ्या पाया पडाय आला. म्हटलं, माझ्या नगं, साताऱ्याकडं तोंड करून पड."

मामा हसले. मीही हसलो. बापूंच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना दिसत होतं, खरोखर डोळ्यांनी दिसत होतं. साहेबांनी ज्याच्यासाठी शंभरदा झापलं तीच खोड त्या रात्री हुकमाच्या शिक्क्यासारखी कामाला आली. नियमात बसणारं बोलणं कोणालाही बोलता येतं. हे बोलणं फक्त ह्या दोघांचंच होतं. असली माणसं माझ्या जिल्ह्यातली आणि शेजारच्या जिल्ह्यातली आहेत ह्याचा मला अभिमान वाटला, आणि मी तो लपवणार नाही.

"म्हंजे सगळी वाचली," बापू म्हणाले.

मामांनी हातानं माती सारखी केली. "एक सोडून. घाटावर होड्या बगाय पुढं गेला हुता. होडीवाला यायच्या आदीच."

मेंढरं ओरडत होती. बाई दारात थांबली. मराठी तिला थोडं कळत असावं.

बापू म्हणाले, "म्हंजे वाईच आधी धाडाय पायजे हुता."

मामा चिडले. "आवं, हुकूमच तवा बदलला! आधी काय धाडणार, कपाळ? बसलेली माणसं बगा की. ती पोरं आता तिकडं भात लावत असतील, बायका-पोरांत असतील. त्यांचं काय न्हाई व्हय?"

"हाय. त्यांचं हाय," बापू म्हणाले. "ह्याचं नाव काय हुतं?"

"हारुन."

"हारुन," बापूंनी म्हटलं. सावकाश, जसं ऐकलं तसं. मामांनी मान हलवली. मग बापूंनी भाकरी मोडली आणि पहिला घास खाल्ला.

आम्ही रात्र तिथंच काढली. सकाळी मामांनी शेणीच्या आगटीत कोवळी कणसं भाजून हुरडा चोळून दिला. बापू आणि मामा कडाक्यानं भांडत होते, मेंढरांना पाणी किती वेळा दाखवावं ह्यावर. बापूंना मेंढरांतलं काहीही कळत नाही.

परत सांगलीत

येताना माझी पिशवी मिळाली. विजापूरहून फिरलेल्या यष्टीच्या कंडक्टरनं ती स्टँडवर ठेवली होती. भाकरी मात्र कोणीतरी खाल्ल्या होत्या. खाल्ल्या ते बरंच झालं.

सांगलीत उतरल्यावर बापू माझ्यापुढं चालायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला जवळजवळ पळावं लागलं. मार्केट यार्डाजवळ रस्ता ओलांडायचा होता आणि मध्ये हळदीच्या गाड्यांची रांग आली. बापू दोन गाड्यांमधून पलीकडं गेले, मी अलीकडं राहिलो.

गाड्या सरकल्या तेव्हा गॅरेज दिसलं. दस्तगीर हातात चाक घेऊन उभा होता. बापू बोलत होते. काहीतरी सांगताना त्यांनी हात घाटाच्या उतारासारखा खाली नेला, मग एक बोट वर केलं. दस्तगीरनं चाक भिंतीला टेकवलं. ते घरंगळलं, त्यानं धरलं नाही. तो पायरीवर बसला, आणि बापू त्याच्या शेजारी बसले.

रस्ता आता मोकळा होता. मला जाता आलं असतं. मी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी गेलो, एक ग्लास सांगितला, आणि त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो. पुढचं बोलणं माझ्यासाठी नव्हतं.